काचेच्या नळीतला रंगाचा धागा

कोपराच्या खळगीत, जिथं हाताची मोठी धमनी वरवर असते, तिथं स्टेथोस्कोप ठेवून पाहा. निरोगी माणसाच्या धमनीत काहीही ऐकू येत नाही. रक्त मिनिटाला साठ-सत्तर वेळा त्या जागेवरून ढकललं जात असतं, पण आवाज नाही. आता दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधा, हवा भरा आणि ती हळूहळू सोडा. एका क्षणी टक् टक् सुरू होतं आणि थोड्या वेळानं पुन्हा शांतता पसरते. या दोन शांततांच्या मधल्या आवाजावर जगभरातल्या डॉक्टरांनी शंभराहून अधिक वर्षं रक्तदाब मोजला.

वाहतं रक्त गप्प का असतं आणि मधेच बोलायला का लागतं? हा प्रश्न मी वैद्यकीय महाविद्यालयात कधी स्वतःला विचारला नव्हता. पुढे निवासी डॉक्टर असताना तो न विचारण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. ओपीडीत चौदा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. जिना चढताना दम लागतो, छाती धडधडते, अशी तक्रार होती. छातीला स्टेथोस्कोप लावला तर हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे फूस असा स्पष्ट आवाज. आमच्या भाषेत मर्मर. मी केसपेपरवर झडपेचा आजार असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि आईला सांगितलं की मुलीचं हृदय तपासावं लागेल, तोवर जास्त धावपळ नको. प्रश्नचिन्ह कागदावर राहिलं. आईनं घरी नेलं ते फक्त हृदय खराब आहे हे वाक्य. इकोची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढ्या काळात मुलीची शाळा थांबली.

इकोच्या आधी ती वॉर्डात दाखल झाली तेव्हा आमच्या सरांनी आधी स्टेथोस्कोप काढलाच नाही. तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. सगळं पांढरंफटक. हिमोग्लोबिन पाच ग्रॅम निघालं. जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, आहार यांवर तीन महिन्यांत रक्त भरलं आणि तो आवाज नाहीसा झाला. इको स्वच्छ आला. हृदयात काहीच नव्हतं. रक्त पातळ झालं होतं म्हणून ते आवाज करत होतं. मुलगी बरी झाली, पण शाळेत परत गेली नाही. एकदा सुटली ती सुटलीच.

सरांनी त्या दिवशी राउंडनंतर मला एक नाव सांगितलं आणि त्या माणसाचा प्रयोग वाचायला सांगितलं. नाव डॉक्टरचं नव्हतं. ते होतं एका यंत्र अभियंत्याचं, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचं. आज त्यांचीच गोष्ट.

कारखान्यातून कॉलेजात

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. त्यानंतर लवकरच कुटुंब इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात डेडहॅम इथं आलं. वडील धर्मोपदेशक होते आणि शाळेचे मुख्याध्यापकही. ते केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते. शिवाय यंत्रांची त्यांना मोठी हौस; शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटही घेतली होती. मुलाला सुरुवातीचं शिक्षण त्यांनीच दिलं. गणित आणि पाना-हातोडी एकाच घरात, एकाच माणसाच्या हातात पाहत हा मुलगा वाढला.

एकोणिसाव्या वर्षी, १८६१ साली, रेनॉल्ड्स कॉलेजात गेले नाहीत, तर स्टोनी स्ट्रॅटफर्ड इथल्या एडवर्ड हेज यांच्या यंत्रशाळेत उमेदवारीला लागले. हाताला तेल लागलं, कानाला वाफेच्या इंजिनांची ओळख झाली. तिथं एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. यंत्र चालवता येतं, दुरुस्तही करता येतं, पण ते तसं का वागतं हे समजायला गणित हवं. म्हणून ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८६७ साली गणिताच्या परीक्षेत सातवे आले. आधी कारखाना आणि मग गणित, हा क्रम त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला. कागदावरचं समीकरण आणि नळातून वाहणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्या काळी मँचेस्टर हे कापडगिरण्यांचं आणि इंजिनांचं शहर होतं. तिथल्या उद्योजकांनी पैसे उभे करून ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचं नवं अध्यासन सुरू केलं. १८६८ साली त्यावर पंचविशीतल्या रेनॉल्ड्स यांची नेमणूक झाली. हेच कॉलेज पुढे मँचेस्टर विद्यापीठ झालं. रेनॉल्ड्स तिथं सदतीस वर्षं राहिले, निवृत्त होईपर्यंत.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पत्नी शार्लट ही लीड्समधल्या एका डॉक्टरांची मुलगी. लग्नाला जेमतेम वर्ष होतं न होतं तोच ती वारली. नवी नोकरी, नवं शहर आणि रिकामं घर अशी त्यांच्या प्राध्यापकीची सुरुवात झाली. दुसरं लग्न त्यांनी केलं ते १८८१ साली, बारा वर्षांनंतर.

गटाराच्या वासाचं पुस्तक

रेनॉल्ड्स यांची ओळख अभियंते म्हणून आहे, पण त्यांच्या सुरुवातीच्या लेखनातलं एक पुस्तक आरोग्याच्या स्तंभात सांगायलाच हवं. १८७२ साली त्यांनी गटारातला वायू आणि तो घराबाहेर कसा ठेवावा या विषयावर छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडच्या युवराजांना विषमज्वर झाला होता आणि सगळा देश गटारांबद्दल बोलत होता. रोग घाणेरड्या हवेतून पसरतात अशी तेव्हाची समजूत होती. जंतूंचं शास्त्र अजून रुजायचं होतं.

विषमज्वर हवेतून नाही, तर दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे तेव्हाचं कारण चुकीचं होतं. पण घर आणि गटार यांच्यामध्ये अडथळा हवा, हा आग्रह चुकीचा नव्हता. आपल्या न्हाणीघराच्या मोरीखाली किंवा बेसिनखाली जो वाकडा पाइप असतो, त्याच्या वाकात पाणी साठून राहतं. ते पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यातला दरवाजा. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत न्हाणीघरांच्या मोरीतलं हे पाणी सुकून गेलेलं असणं हे एक महत्त्वाचं कारण होतं. तेव्हा न वापरल्या जाणाऱ्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावं. खर्च शून्य आहे.

वर्गातले रेनॉल्ड्स

शिक्षक म्हणून रेनॉल्ड्स सोपे नव्हते. शिकवता शिकवता त्यांना नवीनच काही सुचायचं आणि मग ते त्यामागे जायचे. वर्ग मागे राहायचा. सामान्य विद्यार्थ्याला काही कळायचं नाही. पण ज्याला विचार करायची सवय होती त्याला मात्र एक मोठा माणूस फळ्यासमोर प्रत्यक्ष विचार करताना दिसायचा. त्यांच्या विद्यार्थ्यांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता, जे. जे. थॉमसन. हाच पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारा शास्त्रज्ञ झाला. रेनॉल्ड्स यांच्या वर्गातला एक प्रसंग सांगितला जातो. रेनॉल्ड्स वर्गात सरकपट्टीवर गणित कसं करायचं ते दाखवत होते. तीन गुणिले चार केलं. पट्टी सरकवून पाहिली तर उत्तर आलं अकरा पूर्णांक आठ दशांश. मुलं हसली. रेनॉल्ड्स यांनी एवढं जवळ आलं तरी आपलं काम भागतं असं सांगितलं आणि पुढे गेले. अभियंत्याचं मन यात दिसतं. कुठं काटेकोर व्हायचं आणि कुठं नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

डॉक्टर आणि अभियंता यांचं भांडण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाइपातून पाणी ढकलायला किती जोर लागतो? प्रश्न साधा वाटतो, पण रेनॉल्ड्स यांच्या काळी याची दोन उत्तरं होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

पहिलं उत्तर एका डॉक्टरचं होतं. पॅरिसचे ज्याँ पॉइझिली यांनी १८२८ साली पाऱ्याच्या नळीनं प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला होता. पुढे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे समजावं म्हणून त्यांनी केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली. त्यांना दिसलं की दाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट होतो. सरळ हिशेब.

दुसरं उत्तर अभियंत्यांचं होतं. फ्रान्समधल्या दीजों शहराला नळाचं पाणी देणारे हेन्री दार्सी यांनी मोठ्या पाइपांवर मोजमापं केली. त्यांना वेगळंच दिसलं. वेग दुप्पट करायचा तर दाब दुपटीनं नाही, जवळजवळ चौपटीनं वाढवावा लागतो. पाणी तेच, नियम मात्र दोन. डॉक्टरचं खरं की अभियंत्याचं?

रेनॉल्ड्स यांनी दोघांवरही अविश्वास दाखवला नाही. दोघंही बरोबर असतील, तर बारीक नळीत आणि जाड पाइपात पाणी मुळातच दोन वेगळ्या रीतींनी वाहत असलं पाहिजे, असा त्यांनी विचार केला. वाहण्याची रीत बदलते कुठं, हे डोळ्यांनी पाहायचं त्यांनी ठरवलं.

१८८३ चा प्रयोग

त्यांनी सहा फूट लांबीची, काचेच्या भिंतींची टाकी बनवून घेतली. तिच्यात काचेची सरळ नळी आडवी ठेवली. नळीचं तोंड कर्ण्यासारखं, गुळगुळीत लाकडाचं, म्हणजे पाणी आत शिरताना अडखळणार नाही. नळीचं दुसरं टोक टाकीबाहेर जाऊन खाली उतरत होतं आणि तिथं एक झडप होती. झडप जितकी उघडावी तितका वेग. नळ्या तीन प्रकारच्या घेतल्या, एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच व्यासाच्या. टाकी भरून झाली की पाणी कित्येक तास तसंच ठेवायचं, म्हणजे त्यातली सगळी हालचाल थांबेल. मग कर्ण्याच्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडायची.

झडप थोडी उघडली. रंगाचा धागा नळीभर सरळ गेला, ताणून धरलेल्या सुतासारखा. पाणी वाहत होतं, पण धागा हलत नव्हता. पाण्याचे थर एकमेकांना धक्का न लावता, शिस्तीत पुढे जात होते.

झडप आणखी उघडली. धागा तसाच. आणखी उघडली. आणि मग एका ठरावीक वेगाला, कर्ण्यापासून बरंच पुढे गेल्यावर, तो धागा एकदम फुटला. रंग सगळ्या नळीत पसरला आणि पुढचं पाणी एकसारखं रंगीत दिसू लागलं. हा बदल हळूहळू झाला नाही, तडकाफडकी झाला. रेनॉल्ड्स यांनी अंधारात विजेच्या ठिणगीचा क्षणभर उजेड पाडून तो रंगीत भाग पाहिला, तेव्हा कळलं की ते नुसतं ढवळलेलं पाणी नव्हतं. त्यात असंख्य लहानमोठे भोवरे गरगरत होते.

एवढ्यावर थांबले असते तर तो एक सुंदर देखावा ठरला असता. त्यांनी विचारलं की हा धागा कधी फुटतो ते आधी सांगता येईल का? थंड आणि कोमट पाणी, बारीक आणि जाड नळी, असं सगळं बदलून पाहिलं. उत्तर असं निघालं की चार गोष्टी पुरेशा आहेत. प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला द्रवाच्या दाटपणानं भागायचं. जो आकडा येतो त्याला एकक नसतं; ना सेंटिमीटर, ना सेकंद. तो लहान असेल तर प्रवाह शांत, मोठा असेल तर खळाळता.

पाण्यात आधीच खळबळ असेल, तर ती साधारण २,००० या आकड्याच्या खाली आपोआप विरून जाते. उलट पाणी अगदी निवांत असेल आणि कुठंही धक्का बसला नाही, तर सरळ धागा बारा हजारांपर्यंतही टिकू शकतो. डॉक्टर पॉइझिली यांच्या बारीक नळ्यांत हा आकडा नेहमी लहान राहायचा आणि दार्सी यांच्या पाइपांत तो नेहमी प्रचंड असायचा. भांडण मिटलं. दोघंही खरे होते, नदीच्या दोन वेगळ्या काठांवर उभे होते इतकंच.

या आकड्याला रेनॉल्ड्स अंक हे नाव त्यांनी स्वतः दिलं नाही. ते १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ आर्नल्ड सोमरफेल्ड यांनी दिलं. आज विमानाचा पंख, पाणबुडी, पाइपलाइन, पंखा, यांपैकी काहीही बनवायचं तर हा अंक आधी काढावा लागतो. ती प्रयोगाची टाकी मँचेस्टर विद्यापीठात अजून जपून ठेवली आहे.

हा शोधनिबंध रॉयल सोसायटीकडे गेला तेव्हा तो तपासणारे स्टोक्स आणि रॅले हे दोघंही नावाजलेले शास्त्रज्ञ होते आणि त्यांनी त्याचं स्वागत केलं. १८८८ साली सोसायटीनं रेनॉल्ड्स यांना रॉयल मेडल दिलं. पुढे १८९५ साली त्यांनी खळाळत्या प्रवाहाचं गणित मांडलं. त्यात त्यांनी वेगाचे दोन भाग केले, एक सरासरी आणि दुसरा तिच्या भोवतीची चढउतार. हा निबंध मात्र परीक्षकांना जड गेला. त्यातलं लिहिणं अवघड आणि धूसर होतं. तरी तो छापला गेला, आणि आजही हवामानाच्या अंदाजापासून कृत्रिम हृदयाच्या आराखड्यापर्यंत तीच विभागणी वापरतात.

आपल्या शरीरातला अंक

आता हा अंक घेऊन शरीरात शिरू. केशवाहिन्यांत रक्त इतकं सावकाश आणि इतक्या अरुंद जागेतून जातं की तिथं रेनॉल्ड्स अंक एकाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तिथं भोवरा होणं शक्यच नाही. हाताच्या धमनीतही तो शांततेच्या हद्दीत राहतो. म्हणून स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत मात्र, जिचा व्यास अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो, हृदयाच्या आकुंचनाच्या ऐन क्षणी हा अंक काही हजारांवर जातो. रक्त झटक्याझटक्यानं वाहत असल्यानं काचनळीतला २,००० चा आकडा इथं जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही निसर्गानं आपल्याला सीमेच्या जवळच ठेवलं आहे, हे खरं. थोडं काही बिघडलं की सीमा ओलांडली जाते.

कशानं बिघडतं? सूत्राकडेच पाहा. झडप अरुंद झाली की तेवढंच रक्त छोट्या भोकातून जोरात जातं. वेग वाढतो, पुढच्या रुंद जागेत भोवरे होतात, ते आजूबाजूच्या भिंती थरथरवतात आणि आपल्याला मर्मर ऐकू येते. हा झडपेचा आजार. पण वेग वाढायला आणखीही कारणं असतात. ताप, गरोदरपण, थायरॉइडचा अतिरेक, या सगळ्यांत हृदय जास्त रक्त ढकलतं. आणि रक्तक्षयात तर दोन गोष्टी एकदम होतात. लाल पेशी कमी झाल्यानं रक्ताचा दाटपणा घटतो, म्हणजे भाजक लहान होतो. आणि प्राणवायूची चणचण भरून काढायला हृदय जोरात काम करतं, म्हणजे वेग वाढतो. वरचा आकडा मोठा, खालचा लहान. उत्तर दोन्हीकडून वाढतं. त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या छातीत मी ऐकला तो हाच आवाज होता. काचेच्या नळीतला रंगाचा धागा तिथं फुटत होता.

रक्तदाबाचा आवाजही याच कुळातला. पट्टा आवळून धमनी पूर्ण दाबली की रक्तच जात नाही, म्हणून शांतता. थोडी सैल सोडली की अरुंद फटीतून प्रत्येक ठोक्याला रक्त उसळी मारून येतं. खळबळ होते, भिंत फडफडते आणि टक् टक् ऐकू येतं. पूर्ण सोडली की प्रवाह पुन्हा शिस्तीत आणि पुन्हा शांतता. हे आवाज १९०५ साली रशियाचे लष्करी डॉक्टर निकोलाय कोरोत्कॉफ यांनी सांगितले. योगायोग असा की त्याच वर्षी रेनॉल्ड्स निवृत्त झाले.

श्वासातही हा अंक दिसतो. घसा किंवा श्वासनलिका सुजून अरुंद झालेल्या रुग्णाला काही वेळा हेलियम आणि प्राणवायूचं मिश्रण देतात. हेलियम हे औषध नाही, ते सूज कमी करत नाही. ते फक्त हवेपेक्षा खूप हलकं असतं. घनता कमी, म्हणून अंक कमी, म्हणून खळबळ कमी आणि श्वास ओढायला लागणारा जोरही कमी. सूज उतरेपर्यंत तेवढा वेळ मिळतो. आणि रक्तवाहिन्यांत चरबीचे थर कुठं बसतात? सरळ, शांत वाहणाऱ्या भागात कमी. जिथं फांद्या फुटतात, वळणं येतात आणि प्रवाह बिचकतो, तिथं जास्त. धमनीच्या आतल्या अस्तराला शिस्तीचा प्रवाह मानवतो.

गुडघा आणि ओली वाळू

रेनॉल्ड्स एकाच विषयात अडकून बसणारे नव्हते. त्या काळी ब्यूशँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या वंगणावर प्रयोग करत होते. तेल घालायला पाडलेल्या भोकातून तेलच जोरानं बाहेर यायचं. बूच मारलं तरी ते वर ढकललं जायचं. रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचं कारण सांगितलं. फिरता आस तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथं दाब तयार होतो आणि तो दाब आसाला उचलून धरतो. धातू धातूला लागतच नाही. हेच गणित आज कृत्रिम खुब्याचा सांधा बनवताना वापरलं जातं. आपल्या नैसर्गिक गुडघ्यात वंगणाच्या आणखीही युक्त्या आहेत, पण फटीतल्या द्रवानं भार पेलण्याची कल्पना त्यांच्यापासून सुरू होते.

समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय रोवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. दाबली की ती आणखी ओली व्हायला हवी, मग कोरडी का? १८८५ साली त्यांनी याचं उत्तर दिलं. घट्ट बसलेले कण दाबले की एकमेकांवर चढतात आणि मधल्या फटी वाढतात. पृष्ठभागावरचं पाणी त्या फटींत उतरतं. पुढच्या वेळी अलिबागला किंवा मिरामारला गेलात तर मुलांना हे दाखवा.

अखेरची वर्षं

शेवटी शेवटी त्यांनी फार मोठा घास घेतला. सगळं विश्व अतिसूक्ष्म, कडक कणांनी गच्च भरलेलं आहे, अशी कल्पना मांडून १९०३ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. जॉन कॉलिअर यांनी काढलेल्या त्यांच्या तैलचित्रात त्यांच्या हातात छऱ्यांनी भरलेलं भांडं आहे, ते याच विचाराचं चिन्ह. हा सिद्धांत टिकला नाही. ज्या माणसानं नळीतला धागा दाखवून जगाला पटवलं, त्याच्या शेवटच्या कल्पनेसाठी दाखवण्यासारखा प्रयोग नव्हता.

तोवर प्रकृती ढासळू लागली होती. १९०५ साली त्यांना निवृत्त व्हावं लागलं. बुद्धीचं तेज हळूहळू मंदावत गेलं आणि शेवटच्या वर्षांत विज्ञानातल्या कामात भाग घेणं त्यांना जमेना. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधल्या वॉचेट या समुद्रकाठच्या गावी ते वारले.

एवढ्या कथेतून मी घेतलं ते सांगतो. तुमच्या मुलीच्या, सुनेच्या किंवा नातवाच्या छातीत आवाज आहे असं कुणी सांगितलं, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आवाज म्हणजे निदान नाही. तो फक्त सांगतो की प्रवाहानं सीमा ओलांडली आहे. कशामुळे, ते शोधायचं असतं. हिमोग्लोबिन तपासलं का, हे डॉक्टरांना विचारा. इको सांगितला असेल तर तोही करा, कारण काही आवाज खरोखरच झडपेचे किंवा छिद्राचे असतात. पण निदान होईपर्यंत मुलीची शाळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आणि रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. मोजताना बोलू नका. चहा किंवा तंबाखू त्याआधी अर्धा तास नको. रेनॉल्ड्स टाकीतलं पाणी कित्येक तास निवांत ठेवायचे, तेव्हा कुठं त्यांना खरा आकडा मिळायचा. आपल्याला पाच मिनिटं पुरतात.

सरांनी दिलेलं ते वाचन मी त्याच आठवड्यात पूर्ण केलं. तेव्हापासून ओपीडीत मर्मर ऐकू आली की मी स्टेथोस्कोप काढून आधी खालची पापणी पाहतो, आणि केसपेपरवर प्रश्नचिन्ह टाकलं तर त्याचा अर्थ आईला समजेल अशा भाषेत सांगतो.